पिवळी प्रत

जुना प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडणं म्हणजे सोयरीक जमवणं. दोन्ही घरं चांगली असतात, पण एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही आणि मान तर दोघांचीही ताठ. मध्ये गोड बोलणारं कुणीतरी लागतं. चौदा वर्षं मी तेच करते आहे, आणि देवाच्या दयेने माझ्या हातून आजवर एकही सोयरीक मोडलेली नाही.

म्हणून काट्यावरच्या मावशींचा फोन आला तेव्हा मी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही.

"बाई, तू त्या खडीच्या गाडीवाल्याची बहीण ना? नवा कॉम्प्युटर आलाय, पण आमचा म्हातारा त्याच्याशी बोलेना."

"म्हातारा कोण?"

"प्रिंटर गं. माझे हे तर केव्हाच गेले."

काटा म्हणजे वजनकाटा. खाणीकडून उतरणारा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे जमिनीत बसवलेला लोखंडी तळ, ट्रक आरामात मावेल एवढा, आणि त्याला खेटून एक खोली. गाडी तळावर चढली की खोलीतल्या डब्यावर लाल आकडे पळतात, डगमगतात आणि एका जागी उभे राहतात. मावशी बटण दाबतात, पावती निघते. गाडी खाणीकडे रिकामी जाताना एकदा, खडी भरून परतताना एकदा. माझा दादा तेव्हा याच खाणीची गाडी चालवायचा. दिवसातून चार वेळा तो त्या तळावर चढायचा आणि मावशींच्या दोन शिव्या खाऊन खाली उतरायचा. माझा नंबर त्यानेच दिला होता.

दादाबद्दल आत्ताच सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. आई-बाबा लवकर गेले. दादाने अठराव्या वर्षी चाक हातात घेतलं ते मला शिकवायला. माझी पहिली सोल्डरिंग गन त्याने आणली, आणि मी तिने त्याचाच रेडिओ जाळला तेव्हा म्हणाला, "जाऊ दे चिंगे, बातम्या तशाही वाईटच असतात." असा माणूस.

सकाळी दहाला पोचले. खोलीला तीन खिडक्या, आणि खिडकीत, टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, मावशींच्या चष्म्यावरसुद्धा खडीची करडी भुकटी. फक्त प्रिंटर स्वच्छ होता. त्याच्यावर मावशींनी स्वतःच्या जुन्या साडीचं झबलं शिवून घातलं होतं.

"मावशी, नवा घ्या की एखादा. हल्लीचे आवाजसुद्धा करत नाहीत."

"आवाज न करणाऱ्याचा मला भरवसा नाही. आणि तीन प्रती कोण काढणार? तुझा तो मुका?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पावतीचा कागद तीन थरांचा असतो. वर पांढरा, मध्ये गुलाबी, खाली पिवळा. जुन्या प्रिंटरच्या पिना रिबिनीवर इतक्या जोराने आपटतात की वरच्या थरावर उमटलेला आकडा दाबाने खालच्या दोन्हींवर उमटतो. नवे प्रिंटर शाई नुसती शिंपडतात. शिंपडल्याने तिसऱ्या थरापर्यंत काही जात नाही, त्याला रट्टाच लागतो. पांढरी प्रत ड्रायव्हरला, गुलाबी खाणीला, आणि पिवळी मावशींकडे. भिंतीवर टांगलेल्या हुकासारख्या तारेत त्या ती खुपसून टाकत. एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली. पिवळी फाडताना त्यांची नजर खिडकीबाहेर असायची, आणि तारेत जाताना कागदाचं तोंड भिंतीकडे असायचं.

मी कामाला लागले. प्रिंटरच्या पाठीला छत्तीस पिनांचं रुंद तोंड. नव्या कॉम्प्युटरला तसं भोकच नाही. त्यासाठी मी बदलाची वायर नेली होती, एका टोकाला जुनं रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला हल्लीची चपटी यूएसबी. कॉम्प्युटरने वायर ओळखली, पण प्रिंटरला ओळख द्यायला तयार होईना.

"याचा ड्रायव्हर मिळत नाही कुठे," मी पुटपुटले.

"बाहेर तीन उभे आहेत. पाठवू एक?"

मग मी नुसती अक्षरं पुढे ढकलणारा साधा ड्रायव्हर घातला. असल्या म्हाताऱ्यांना तोच मानवतो. पुढची अडचण वजनाच्या प्रोग्रामची. तो इतका जुना की पावती फक्त एलपीटी-वन नावाच्या वाटेने पाठवायची, एवढंच त्याला ठाऊक, आणि नव्या कॉम्प्युटरात ती वाटच नाही. मी प्रिंटर शेअर केला आणि नव्या वाटेवर जुन्या वाटेच्या नावाची पाटी लावली. प्रोग्राम खूश, कॉम्प्युटरही खूश. म्हाताऱ्याने मात्र पहिल्याच खेपेला अर्धा हात कागदावर वेड्यावाकड्या चिन्हांची शिवीगाळ केली. चूक माझीच होती. त्याच्या पाठीवरच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी तारेच्या कड्या असतात, त्या मी अडकवल्या नव्हत्या. अडकवल्या, आणि तो सुतासारखा सरळ झाला.

रिकाम्या तळाची पावती काढली. शून्य. तिन्ही प्रतींवर शून्य.

माझी एक पद्धत आहे. तीन थरांच्या कागदावर मी कधीही वरची प्रत बघून काम पास करत नाही. वरची काय, कशीही येते. शेवटची वाचायची. शेवटची स्वच्छ आली तर कागदाच्या जाडीचा खटका योग्य घरात आहे, पिना नीट बसताहेत, आणि आपण पैज लावून घरी जाऊ शकतो. म्हणून मी मावशींना म्हटलं, "पहिल्या दहा गाड्यांच्या पिवळ्या माझ्याकडे द्या."

मावशींचा हात हवेतच थांबला. "पिवळी वाचत नाहीत गं."

"मी वाचते. माझं कामच ते."

त्यांनी पहिली पिवळी माझ्यासमोर ठेवली. पालथी.

गाडी मिशीवाल्याची होती. मिशा एवढ्या की माणूस त्यांच्या मागून बोलतोय असं वाटावं. "काय मावशी, म्हातारा बरा झाला का?" असं ओरडून, पांढरी प्रत घेऊन, हॉर्न वाजवत तो गेला. त्याच्या गुलाबी प्रतीवर चोवीस हजार तीनशे ऐंशी किलो. पिवळीवर चोवीस हजार तीनशे दहा.

मी चष्मा पुसला. तीनशे दहा. अंधुक वगैरे काही नाही, टपोरं.

आता माझ्यासारख्या बाईला असं काही दिसलं की भीती वाटत नाही, राग येतो. पिना एक, रट्टा एक, कागद एकमेकांना चिकटलेले. वर आठ आणि खाली एक असं होऊच शकत नाही. मी तोच नंबर टाकून पावती परत काढली. वर ३८०, मध्ये ३८०, खाली ३१०. कागदाचा नवा गठ्ठा फोडला, पुन्हा काढली. तेच. मग पिवळी उलटी करून पाठीवरून बोट फिरवलं, कारण पिनांचे खळगे पाठीला लागतात, आणि हाताला जे लागतं त्याबद्दल माझी सहसा चूक होत नाही. बोटाला इंग्रजी आठ लागला. दोन गोल, एकावर एक. कागद सुलटा केला तर डोळ्यांना एक दिसत होता.

"सत्तर किलो कमी," मी म्हटलं. "मावशी, वजनाच्या वेळी ड्रायव्हर गाडीतच असतो ना?"

"असतोच. आमचा नियम आहे तो. रिकामीचं वजनही बसून आणि भरलेलीचंही बसूनच. नाहीतर हे लबाड एकदा चढतात, एकदा उतरतात, आणि माणसाच्या वजनाची खडी इकडची तिकडे करतात." मग त्या हसल्या, पण हसणं चेहऱ्यावर टिकलं नाही. "सत्तर म्हणजे एक माणूसच की. कागदावरून उतरला म्हण."

मीही हसले. पुढच्या नऊ गाड्यांच्या तिन्ही प्रती जुळल्या. दोन वाजता दादा आला. खिडकीतून मला बघून त्याने मुद्दाम तळावर गाडी झुलवली, लाल आकडे वेड्यासारखे पळाले, आणि मावशी ओरडल्या, "माकडा, काटा आहे तो, पाळणा नाही!" त्याचीही पावती जुळली. मी वहीत लिहिलं, 'पहिली पावती, गठ्ठ्यात दोष, लक्ष ठेवणे,' आणि घरी आले. त्या रात्री शांत झोपले. नऊ जुळल्या होत्या, एक नव्हती. धंद्यात याला उत्तम म्हणतात.

चार दिवसांनी मावशींनी पुन्हा बोलावलं. पावती अर्धी ओळ वर सरकत होती आणि फाडताना तारीख कापली जात होती. किरकोळ काम होतं. दुपारी बाराच्या सुमारास मी म्हाताऱ्याचं झाकण उघडून आत बघत होते, तेव्हा मावशी माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "तो मिशीवाला गेला."

"कुठे?"

"तेच तर. कुठे ते कुणालाच माहीत नाही. तू आली होतीस त्याच दिवशी. उतारावरच्या वळणाला गाडी मिळाली. कडेला नीट लावलेली, इंजिन चालू, दारं आतून बंद. काच फोडून बघावं लागलं. चप्पल पायाच्या जागी होती म्हणे, दोन्ही, शेजारी शेजारी."

मी स्क्रू फिरवत राहिले. फिरवायचा तेवढा फिरून झाला होता, तरीही.

"पळून गेला असेल," मी म्हटलं.

"काचा वर करून?"

मग त्या उठल्या, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या घडीखालून एक जाड लिफाफा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "ह्यांचा. ते गेल्यावर सापडला. मी उघडून पाहिला, पण मला त्यातलं काही कळलं नाही. तुला कळेल."

लिफाफ्यात पाच पिवळ्या प्रती होत्या. सगळ्यांत जुनी अकरा वर्षांपूर्वीची. जुन्या कॉम्प्युटरच्या नोंदी मी नव्यात उतरवलेल्या होत्याच, त्यामुळे एकेक पावतीचा नंबर घालून बघायला वेळ लागला नाही. नोंदीत वजन जास्त, पिवळीवर कमी. पहिलीत साठ किलो. दुसरीत ऐंशी. मग सत्तर, सत्तर. शेवटचीत साठ. मी गाडीचा नंबर वाचला की मावशी माणूस सांगत.

"तो गाणारा... पुन्हा दिसला नाही. आम्हाला वाटलं, दुसरीकडे नोकरी धरली." "हा तोतरा. त्याची बायको विचारायला आली होती इथे." "हा मामा-मामा म्हणायचे तो." "हा तर नुकताच लागला होता."

पाचवी पिवळी उलटी केली तर पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द होता. थांबवलं.

"हा कोण?"

मावशींनी नंबर ऐकला आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. "हा आहे की! हा कुठे गेला नाही. ह्यांनीच त्याला त्या दिवशी गाडीतून उतरवलं, का ते कधी बोलले नाहीत. नंतर त्याने गाडी सोडली. घरीच असतो."

"बरा आहे?"

"बराच असावा. कुणी फारसं जात नाही त्याच्याकडे." त्या पिवळ्या परत लिफाफ्यात घालू लागल्या. "मला काटा शिकवताना हे म्हणाले होते, पिवळी वाचायची नाही, तारेला लावायची. मी विचारलं, का? तर म्हणाले, वाचली की थांबवावंसं वाटतं."

"मग थांबवायचं! त्यात काय वाईट?"

"मीही तेच म्हटलं. तर त्यांनी जपाची माळ हातात घेतली."

मी भाविक बाई आहे. सकाळी देवासमोर दिवा लावल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढत नाही. पण देवाने मला डोकंही दिलं आहे, ते काही केस बांधायला नाही. हे असं का होतं, ते मला सांगता येत नव्हतं. मात्र काय करायचं ते स्वच्छ दिसत होतं. सहा पावत्या कमी आल्या. पाच माणसं गेली. एकाला थांबवलं, तो राहिला. यापेक्षा सरळ हिशेब कुठला असतो? मी मावशींना सांगितलं, "आजपासून पिवळी आधी वाचायची आणि मग पांढरी द्यायची. कमी आली की माणूस उतरवायचा."

मावशींनी मान डोलावली. अर्धी ओळ खाली सरकवून मी झाकण लावलं. तीन गाड्या गेल्या. तिन्ही जुळल्या.

अडीच वाजता दादाची गाडी तळावर चढली.

आज त्याने झुलवली नाही. उन्हाने दमला असावा. आकडे लगेच उभे राहिले. तेवीस हजार नऊशे चाळीस. मावशींनी बटण दाबलं. म्हातारा करकरला, कागद वर आला. मावशींनी तो फाडला, आणि या खेपेला बाहेर न बघता खाली बघितलं.

त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

पांढरी, नऊशे चाळीस. गुलाबी, नऊशे चाळीस.

पिवळी, आठशे पन्नास.

दादा नव्वद किलोचा आहे.

मी पावती पुन्हा काढली. आठशे पन्नास. पाठीवरून बोट फिरवलं. बोटाला नऊशे चाळीस लागले.

बाहेर दादाने हॉर्न दिला. "मावशी, पावती देताय की बारसं करून देताय?"

मी खोलीबाहेर पळाले आणि गाडीच्या पायरीवर चढले.

"दादा, खाली उतर."

"का? पोलीस आले का?"

"उतर म्हणते ना!"

"अगं चिंगे, भरलेली गाडी आहे. पुढे माणसं खोळंबलीत. खडी काय मी डोक्यावरून नेऊ?"

मी हात आत घालून किल्ली काढून घेतली. इंजिन बंद पडलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तापाने बरळायला लागले की तो असाच बघायचा. चेष्टा गेली त्याच्या डोळ्यांतून. मुकाट्याने उतरला.

खोलीत आकडा खाली आला. तेवीस हजार आठशे पन्नास. मावशींनी पावती काढली. तिन्ही प्रतींवर आठशे पन्नास. पिवळीवर जसा होता तसाच.

"बरोबर आलं की," दादा म्हणाला. "गाडी बरोबर, मी बरोबर. बिघडलंय काय मग?"

मी त्याला सगळं सांगितलं. मिशीवाल्यापासून लिफाफ्यापर्यंत. तो हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. फक्त म्हणाला, "तुझा तो प्रिंटर चावट झालाय. परत बघ."

"बघूच," मी म्हटलं. "चल, दोघंही चढू."

ही चाचणी मला कोण सुचवून गेलं, देव जाणे. मी दादाशेजारी चढून बसले. माझं वजन साठ. आत आकडा झाला चोवीस हजार. मावशींनी पावती खिडकीतून वर दिली. पांढरी चोवीस हजार.

पिवळी तेवीस हजार नऊशे दहा.

वजनात मी धरले गेले होते. दादा नाही.

दादाने कागद हातात घेतला, बराच वेळ वाचला आणि पाठीवरून बोट फिरवलं. त्याने तसं करावं असं मी सांगितलं नव्हतं. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

"बरं," तो म्हणाला. "घरी जाऊ."

माझ्याकडून किल्ली घेऊन त्याने गाडी तळावरून मागे घेतली आणि कडेला लावली. मी किल्ली मावशींकडे दिली आणि खाणीच्या मुकादमाला माझ्या फोनवरून सांगितलं, की दादाच्या पोटात दुखतंय, खडी उद्या पोचेल. मावशींनी देवाचं नाव घेतलं आणि दादाच्या डोक्यावरून हात फिरवला. सात वर्षांत त्यांनी त्याला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं.

"एवढं प्रेम?" दादा म्हणाला. "म्हणजे मी मेलोच म्हणायचं."

"तोंड आवर, मेल्या," मावशी म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत बसल्या.

दादाला स्कूटरवर मागे बसवून मी निघाले. उतारावरचं वळण आलं तेव्हा मी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं आणि मनात देवाचं नाव घेत राहिले. दादा मागून बोलत होता. मुलीच्या शाळेबद्दल, वहिनीने रुसून दोन दिवस वरणात मीठ न घातल्याबद्दल. वळण गेलं. तो बोलतच होता. घराकडचा चढ आला. त्या चढाला दादा मागे असला की स्कूटर नेहमी कुरकुरते आणि त्याला उतरून चालावं लागतं. आज ती सरळ चढून गेली. आठवड्यापूर्वीच मी तिचं सर्व्हिसिंग केलं होतं.

वहिनी दारात उभी होती. दादाला दुपारी घरी बघून ती आधी दचकली आणि मग चिडली. ते बघून मला इतकं बरं वाटलं की मी पायरीवरच बसून रडले.

त्याला आता अडीच महिने झाले. दादाने गाडी सोडली आहे. मी दुकानात त्याला बसवायचं म्हणते, तो पुढच्या महिन्यात म्हणतो. खातो-पितो, हसतो, मुलीचे पाढे घेतो, वहिनीला चिडवतो. मी रोज दिवेलागणीच्या आधी जाऊन त्याला बघून येते. त्याचा हात हातात घेते. हात ऊबदार आहे. मावशींचा परवा फोन आला होता. त्या रोज पिवळी आधी वाचतात, अजून सगळ्या जुळताहेत. मी जे केलं ते बरोबर केलं. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा किल्ली काढून घेईन, क्षणभरही विचार करणार नाही.

काल गेले तेव्हा वारा सुटला होता. दादा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि वहिनी दोरीवरचे कपडे काढत होती. दादा मला मुलीच्या मास्तरांची नक्कल करून दाखवायला लागला. मी हसून हसून खाली वाकले, आणि वाकले म्हणून मला दिसलं. खुर्चीच्या चारही पायांना विटा बांधल्या होत्या. काथ्याच्या दोरीने, नीट, एकेका विटेला दोन दोन गाठी.

दादा आत पाणी प्यायला गेल्यावर मी वहिनीला विचारलं, "ह्या विटा कशाला गं?"

वहिनीने दोरीवरचा शेवटचा सदरा काढला, झटकला आणि घडी घातली.

"वारा आला की खुर्ची सरकते," ती म्हणाली. "हे बसलेले असताना."